खान्देशातली सहल आणि तिचा कार्बनचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले गाडीमालक, होमस्टेवाले, सहली नेणारे शिक्षक, यात्रा समित्यांचे कार्यकर्ते यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतली अंतरं, ॲव्हरेज आणि बिलं समजावण्यापुरती धरली आहेत; तुमच्या हिशेबात तुमच्याच गाडीचा काटा आणि पंपावरची पावती घ्या.

१. पर्यटनाचा कार्बन फूटप्रिंट म्हणजे नेमकं काय मोजायचं?

सहलीसाठी घर सोडल्यापासून परत येईपर्यंत तुमच्यामुळे जे हरितगृह वायू हवेत गेले, त्यांची बेरीज. त्यात कार्बन डायऑक्साइड मुख्य. शिवाय मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि एसीतून गळणारा गॅस. या सगळ्यांची तापवण्याची ताकद वेगवेगळी असल्याने ते एका मापात आणावे लागतात. शंभर वर्षांचा काळ धरला तर एक किलो मिथेन साधारण २८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा मानतात. खालचे आकडे याच समतुल्य किलोत आहेत.

खाती चारच ठेवा: प्रवास, मुक्काम, जेवण आणि तिथे पोचल्यावरची हिंडफीर. आपल्याकडच्या सहलींत प्रवासाचं खातं बहुतेक वेळा बाकी तिन्हींच्या बेरजेपेक्षा मोठं निघतं.

२. कारखाने, वीजकेंद्रं एवढा धूर सोडतात. त्यात आमच्या सहलीचं ते काय?

एका सहलीचं फारसं काही नाही, सगळ्यांच्या मिळून मात्र बरंच. २०१८ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये आलेल्या अभ्यासात जगाच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के पर्यटनाच्या नावावर निघाले. २०२४ च्या पुढच्या अभ्यासात २०१९ सालासाठी हा वाटा ८.८ टक्के, म्हणजे ५.२ अब्ज टनांवर गेलेला दिसतो. वाढ वर्षाला साधारण ३.५ टक्क्यांची, आणि ती ज्या देशांनी जास्त केली त्यांत अमेरिका आणि चीनबरोबर भारतही आहे. २०२१ च्या ग्लासगो जाहीरनाम्यात पर्यटनाचं उत्सर्जन २०३० पर्यंत निम्मं करायचं ठरलं. पण आधी किती आहे हे माहीत असल्याशिवाय निम्मं कशाचं करणार?

गाडीमालकाला मात्र जग वाचवण्याच्या गोष्टी सांगू नयेत. कार्बनची वही आणि डिझेलची वही एकच असते, एवढं त्याला पुरतं.

३. माझ्याकडे सॉफ्टवेअर नाही. सुरुवात कशी करू?

वही-पेन पुरे. पाच गुणक पाठ करा, म्हणजे एवढं इंधन किंवा वीज वापरली की किती किलो उत्सर्जन. डिझेल लिटरला २.६८ किलो. पेट्रोल लिटरला २.३१ किलो. सीएनजी किलोला साधारण २.७५ किलो. स्वयंपाकाचा गॅस किलोला सुमारे ३ किलो. म्हणजे घरगुती १४.२ किलोची टाकी संपली की ४२ किलो, हॉटेलची १९ किलोची संपली की ५७ किलो. आणि विजेच्या एका युनिटला साधारण ०.७२ किलो. वीजवाला आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं आणि तो थोडा खाली-वर होतो, म्हणून वहीत त्यासमोर वर्षही लिहा.

इंधन मोजायची खात्रीची रीत एकच: निघताना टाकी फुल, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल. दुसऱ्यांदा जितके लिटर बसले तितकं जळालं. कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज धरू नका. तोरणमाळचा घाट चढताना ते कुठल्या कुठे जातं आणि उतरताना सगळं भरून येत नाही.

दोन बारकावे. एक, हे गुणक फक्त गाडीत जळलेल्या इंधनाचे आहेत. तेल विहिरीतून काढणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं धरलं तर आणखी सुमारे एक पंचमांश वाढतो. धरायचं तर सगळ्या वाहनांना धरा, नाहीतर कोणालाच नको. दुसरा, आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसा-मक्यापासूनच्या इथेनॉलचा धूर जैविक म्हणून वेगळा लिहितात, त्यामुळे अशा पेट्रोलचा खनिज भाग लिटरला १.८५ किलोच्या आसपास येतो. इथली उदाहरणं सोपी राहावीत म्हणून २.३१ नेच केली आहेत.

४. जळगावहून अजिंठा एका दिवसात जाऊन येतो. एसटी, क्रूझर, कार की बाइक?

जाऊन-येऊन १३० किलोमीटर धरू.

क्रूझरचं ॲव्हरेज ११ धरलं तर जवळपास १२ लिटर डिझेल, म्हणजे ३२ किलो. नऊ जण असतील तर माणशी साडेतीन किलो, तिघंच असतील तर साडेदहा. लिटरला १८ देणारी पेट्रोल कार १७ किलोच्या थोडं आत राहते. चौघांत माणशी ४, एकटाच गेला तर सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर. ५० चं ॲव्हरेज देणारी बाइक ६ किलो, दोघं बसले तर माणशी ३. एसटीसाठी ‘इंडिया जीएचजी प्रोग्रॅम’ (जीएचजी म्हणजे हरितगृह वायू) या उपक्रमाने २०१५ साली काढलेल्या यादीतला प्रवासी-किलोमीटरला, म्हणजे एका प्रवाशाच्या एका किलोमीटरला, १५ ग्रॅमचा आकडा वापरला तर माणशी २ किलो.

म्हणजे कुठली गाडी यापेक्षा ती किती भरली आहे, यावर जास्त ठरतं. भरलेली जुनी क्रूझर एकट्या माणसाच्या नव्या कारला सहज मागे टाकते. एसटी या यादीत खाली आहे तीही भरते म्हणूनच. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ पुढच्यांना मोफत प्रवास सुरू झाल्यापासून बसगाड्यांची गर्दी पाहिली तर १५ ग्रॅम काही ठिकाणी जास्तच धरले जात असतील.

५. गाडी आम्हाला सोडून रिकामी परत गेली. तो परतीचा धूर कोणाचा?

तुमचा. तुम्ही बोलावली नसती तर ती आली-गेली नसती. भाडं ठरवताना मालक ‘येणं-जाणं’ लावतोच, तसंच इथेही लावा. शहाद्याहून तोरणमाळला सोडायला गेलेली गाडी परतीला दुसरं भाडं घेऊन आली तर परतीचा भाग त्या प्रवाशांचा. गाडी मालकाच्या गावाहून तुमच्या दारापर्यंत आली, ते अंतरही तुमच्याच खात्यात.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात असतो, म्हणून ड्रायव्हर एसी लावून गाडी चालूच ठेवतो. त्याला दोष देऊ नये, पण त्यात तासाला लिटरभरापर्यंत डिझेल जाऊ शकतं. प्रश्न ३ मधल्या फुल टाकीच्या रीतीत हे आपोआप धरलं जातं. किलोमीटर भागिले ॲव्हरेज करणाऱ्यांच्या हिशेबातून मात्र ते निसटतं.

६. काळीपिवळीत नऊच्या जागी सोळा कोंबले की माणशी आकडा खाली येतो. मग तेच बरं ना?

भागाकार बरोबर आहे, सल्ला नाही. परवान्यावर जितक्या सीट आहेत त्याच्या वर भागू नका.

७. रेल्वे विजेवर चालते. तिचा आकडा शून्य धरला तर चालेल का?

नाही. इंजिनाला धूर नाही, पण वीज कुठेतरी तयार होतेच. भुसावळहून गाडी निघाली की दीपनगरच्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. त्याच कोळशाचा वाटा आपल्या तिकिटातही असतो. पण रेल्वे एका वेळी एवढी माणसं नेते की माणशी आकडा फारच खाली येतो. वर उल्लेखलेल्या २०१५ च्या यादीत तो प्रवासी-किलोमीटरला सुमारे ८ ग्रॅम आहे. मुंबई ते जळगाव ४२० किलोमीटर म्हणजे साडेतीन किलोच्याही आत.

ही सगळ्या डब्यांची सरासरी झाली. नव्या बनावटीच्या (एलएचबी) डब्यांच्या गाड्यांत स्लीपरच्या डब्यात ८० बर्थ असतात, फर्स्ट एसीत २४. डबा ओढायला लागणारी वीज साधारण सारखीच, वर एसीची वेगळी. म्हणजे फर्स्ट एसीच्या प्रवाशाचा वाटा तिपटीच्या पुढे जातो. काटेकोर करायचं असेल तर बर्थच्या प्रमाणात वाटून घ्या.

खरी गोम स्टेशनबाहेर आहे. समजा, दोघं जण मुंबईहून रेल्वेने जळगावला आले, तिथून कार करून अजिंठा पाहिला आणि रेल्वेनेच परत गेले. रेल्वेचे ८४० किलोमीटर: माणशी पावणेसात किलो. कारचे १३० किलोमीटर: माणशी सव्वाआठ किलो. छोट्या तुकड्याने मोठ्या प्रवासाला मागे टाकलं. खान्देशात हे जिथे तिथे दिसतं. चाळीसगाव ते पाटणादेवी, शहादा ते तोरणमाळ, रावेर किंवा सावदा ते पाल, प्रत्येक ठिकाणी स्टेशन किंवा बसस्थानकापासून पुढचा पल्ला हाच हिशेब बिघडवतो. जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्यात एकच गोष्ट मागायची असेल तर आमचं मत स्वागत कमानींना नाही, या पल्ल्यावर वेळेवर धावणाऱ्या बसला आहे.

८. जळगावहून विमानाने गेलं तर?

जळगाव-मुंबई हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटर. देशांतर्गत विमानासाठी त्याच यादीतला प्रवासी-किलोमीटरला १२१ ग्रॅमचा आकडा लावला तर माणशी ४२-४३ किलो, रेल्वेच्या बारा-तेरा पट. अंतर कमी असलं तरी उड्डाण करून वर चढण्यात इंधन जातंच, म्हणून छोटं उड्डाण किलोमीटरमागे महाग पडतं.

उंचावरून जाणाऱ्या जेट विमानांत आणखी एक गुंता आहे. त्यांच्या मागे राहणारे पांढरे पट्टे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हेही हवा तापवतात. २०२१ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात विमान वाहतुकीच्या एकूण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडचा वाटा फक्त एक तृतीयांशाच्या आसपास निघाला. जळगावला येणारी एटीआर विमानं पंख्याची आहेत आणि त्यामानाने खालून उडतात, त्यांना हा भाग कमी लागू होतो. या जादा परिणामाचा आकडा मुख्य बेरजेत मिसळू नका, शेजारी वेगळा लिहा.

९. इलेक्ट्रिक कार घेतली की प्रश्न संपला?

अर्धामुर्धा. युनिटला ७ किलोमीटर देणाऱ्या कारला अजिंठ्याच्या फेरीसाठी साडेअठरा युनिट लागतील. चार्जिंगमधली गळती धरून २१ म्हणा. गुणिले ०.७२ केलं की १५ किलो. पेट्रोल कारचे १७ आणि तेलाच्या मागच्या साखळीचे धरून २०. म्हणजे आज पाव हिस्सा वाचतो. तारांमधली वीजगळती लावली तर आणखी थोडा कमी. जाहिरातीत जेवढा दाखवतात तेवढा फरक नाही, पण आहे. शिवाय जाळ्यातली वीज जशी स्वच्छ होत जाईल तसा त्याच कारचा आकडा दरवर्षी खाली येईल, पेट्रोल कारचा येणार नाही. घरच्या छतावरच्या सोलरवर दिवसा चार्ज करत असाल तर गणित फारच वेगळं. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

१०. आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या आहेत, सोलरही आहे. मग आमच्या लॉजची वीज हिरवी धरायची की नाही?

पवनचक्की शिवारात असली तरी वीज शिवारात थांबत नाही. देशाचं वीजजाळं २०१३ च्या शेवटापासून एकच आहे. ब्राह्मणवेलचा वारा आणि दीपनगरचा कोळसा त्यात एकत्र होतात आणि तुमच्या मीटरला ते मिश्रण येतं. म्हणून ०.७२ च.

जगभर यासाठी दोन आकडे देण्याची पद्धत आहे. एक जाळ्याच्या सरासरीवर. दुसरा, तुम्ही हरित विजेचा स्वतंत्र करार केला असेल किंवा महावितरणकडून हरित दराने वीज घेत असाल तर त्या करारावर. दोन्ही दाखवा, सोयीचा तेवढाच नको.

छतावर स्वतःचं पॅनल असेल तर त्यातली जी वीज तुम्हीच वापरली ती शून्य धरा. नेट मीटरवरून बाहेर गेलेली वीज आपल्या आकड्यातून वजा करण्याचा मोह होतो. ती वेगळ्या ओळीत ‘जाळ्याला दिली’ म्हणून लिहा.

११. माझा तोरणमाळला चार खोल्यांचा होमस्टे आहे. एका मुक्कामाचा आकडा कसा काढू?

महिन्याचा काढा आणि भरलेल्या खोल्या-रात्रींनी भागा. समजा, एका महिन्यात ३०० युनिट वीज, हॉटेलच्या दीड टाक्या गॅस आणि जनरेटरला २० लिटर डिझेल लागलं. वीज २१६, गॅस ८५, डिझेल ५४. बेरीज ३५५ किलो. त्या महिन्यात ६० खोल्या-रात्री भरल्या असतील तर एका खोलीच्या रात्रीला ६ किलोच्या आत. मोठ्या हॉटेलांसाठी असलेल्या ‘हॉटेल कार्बन मेझरमेंट इनिशिएटिव्ह’ या पद्धतीचा गाभाही हाच. त्यात लग्नाचे हॉल क्षेत्रफळाने वेगळे काढतात आणि बाहेर धुवायला दिलेल्या चादरी धरतात.

होमस्टेत तीन ठिकाणी घोळ होतो. घरचं आणि पाहुण्यांचं मीटर एकच असतं. सबमीटर बसवा, नाहीतर पाहुणे नसलेल्या महिन्याचं बिल घरचं म्हणून वजा करा. दुसरं, रिकामा महिना. खोल्या कमी भरल्या की भागाकार फुगतो, म्हणून पावसाळा, हिवाळा, उन्हाळा मिळून वर्षाची सरासरी सांगा. तिसरं, डोंगरावर सामान आणणारी गाडी. आठवड्याच्या बाजाराला शहाद्याला जाणारी पिकअप कोणीच लिहीत नाही आणि बऱ्याचदा तिचं डिझेल जनरेटरपेक्षा जास्त निघतं.

१२. एसीत गॅस भरला. तोही धरायचा?

धरायचा. जितका भरला तितका आधी गळला असं समजतात. आर-३२ गॅसचा एक किलो ६७५ किलोच्या बरोबरीचा, जुन्या आर-४१०ए चा २,००० च्या वर. एका मोठ्या गळतीने वर्षभराची विजेतली बचत वाहून जाते. मेकॅनिककडून पावतीवर गॅसचं नाव आणि वजन लिहून घ्या.

१३. हिवाळ्यात भरीत पार्टी करतो. पऱ्हाट्यांवर वांगी भाजतात, तो धूर मोजायचा का?

कपाशीने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच जळून परत हवेत जातो. तो जैविक म्हणून वेगळा लिहितात, बेरजेत धरत नाहीत. जाळताना निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र बेरजेत येतो. तो किलोभर काड्यांमागे साधारण दीडशे ग्रॅम. दहा किलो पऱ्हाट्या जाळल्या तर दीड किलो, तोही पंगतीतल्या सगळ्यांत वाटून. शिवाय त्या पऱ्हाट्या शेताच्या बांधावर नाहीतरी पेटवल्या गेल्याच असत्या. जंगलातून तोडून आणलेल्या ओल्या लाकडाला ही सवलत नाही: झाड परत आलं नाही तर तो कार्बन पूर्ण धरावा लागतो.

जेवणात मोजायचा तो फरक. माणूस घरी असता तरी जेवलाच असता. भरीत-कळण्याची भाकरी, शेवभाजी, दालबट्टी यांनी आकडा फारसा हलत नाही. मटणाने हलतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन तयार होतो, त्यामुळे मेंढी-बकरीच्या मटणाचा आकडा जागतिक सरासरीत किलोमागे २० किलोच्या पुढे जातो.

१४. आम्ही प्लास्टिकच्या बाटल्या बंद केल्या. त्याने किती कमी झालं?

कार्बन फार कमी झाला नाही. एक लिटरच्या बाटलीचा प्लास्टिकपुरता वाटा ढोबळमानाने ७०-८० ग्रॅम. लिटरभर डिझेलची बरोबरी करायला पस्तीसेक बाटल्या लागतात. बाटल्या बंद केल्या हे चांगलंच केलं. तापीच्या घाटावर आणि पाटणादेवीच्या ओढ्यात त्या साचतात. पण ते कचऱ्याच्या खात्यात लिहा. बाटली बंद आणि माणशी एक कार, अशी ‘ग्रीन टूर’ आम्ही पाहिली आहे.

१५. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येते. हे पर्यटन झालं का?

आकडेवारीच्या भाषेत हो. नेहमीच्या वावराच्या जागेबाहेर, वर्षाच्या आत, आणि तिथे नोकरीसाठी नाही असा कुठलाही प्रवास जागतिक पर्यटन संघटनेच्या व्याख्येत बसतो. नातेवाइकांकडे जाणं त्यात स्पष्टपणे येतं. म्हणून जिल्ह्याचा एकूण हिशेब करताना आखाजी-दिवाळीच्या गर्दीला वगळता येत नाही. टूरवाल्याने किंवा लॉजवाल्याने मात्र ती आपल्या वहीत आणू नये. आणि या प्रवासाला कोणी ‘कमी करा’ म्हणायला जाऊ नये. एसटीच्या जादा गाड्या सोडा, एवढीच मागणी बरोबर.

१६. पायी वारीला कार्बन किती? मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते, चैत्रात लोक सप्तशृंगीला चालत जातात.

चालण्याचा शून्य धरा. जास्त भूक लागून दोन भाकरी जास्त गेल्या तरी तो फरक हिशेबात उमटत नाही. मोजायची ती सोबतची वाहनं: सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, गॅसच्या टाक्या, रात्रीचा जनरेटर. आणि परतीचा प्रवास. जाताना दिंडी, येताना प्रत्येकाच्या घरून न्यायला आलेली गाडी, असं होतं तेव्हा शून्याचं चित्र बदलतं. तिथेही प्रश्न ५ चा नियम: न्यायला आलेल्या गाडीचं येणं-जाणं दोन्ही.

१७. सारंगखेड्यासारख्या यात्रेत हजारो माणसं येतात. सगळ्यांचं कसं मोजणार?

सगळ्यांचं मोजायचं नसतं, नमुना घ्यायचा असतो. दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताच्या यात्रेला आणि घोडेबाजाराला येणारी वाहनं पार्किंगमधून जातात. तिथेच उभे राहा.

आधी वाहनांची जातवार मोजणी: बाइक, रिक्षा, कार, क्रूझर, ट्रॅक्टर, एसटी, खासगी बस, ट्रक. मग दर दहाव्या वाहनाला तीन प्रश्न. कुठून आलात, किती जण आहात, फक्त यात्रेसाठीच की आणखी कुठे जाणार? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. बरेच जण जवळच्या प्रकाशालाही जाऊन येतात. अशांचा प्रवास दोन्ही ठिकाणी अर्धा-अर्धा लावा, नाहीतर तोच धूर दोनदा मोजला जाईल. एक दिवस मोजून सगळ्या यात्रेला गुणू नका. पौर्णिमा, एखादा रविवार आणि एखादा सुनसान वार असे तीन वेगळे दिवस घ्या. नमुन्यातलं सरासरी अंतर, गुणिले त्या जातीची एकूण वाहनं, भागिले ॲव्हरेज, गुणिले प्रश्न ३ चा गुणक.

गावातल्या आणि रोज येणाऱ्या शेजारच्या खेड्यांतल्या लोकांना पर्यटक धरू नका. दुकानदार आणि पाळणेवाले पर्यटक नसले तरी त्यांचे ट्रक आणि जनरेटर यात्रेच्या खात्यात येतात. पाळण्यांना डिझेल किती लागतं ते कंत्राटदाराकडे विचारलं तर तो सांगतो, कारण ते त्याच्या खिशातून जातं.

आता घोडे. मारवाड, काठेवाड, पंजाबकडून ते ट्रकने येतात. समजा, एक ट्रक ८०० किलोमीटरवरून आला, लिटरला ४ किलोमीटर दिले. २०० लिटर, म्हणजे ५३६ किलो. आठ घोडे असतील तर घोड्यामागे ६७. विकला गेला तर परतीचा भाग नव्या मालकाच्या दिशेने जातो. घोडा मिथेन सोडतो का असंही विचारतात. सोडतो, गाई-म्हशींपेक्षा बराच कमी, पण तो गावी असता तरी सोडलाच असता. प्रश्न १३ मधल्या जेवणाप्रमाणे इथेही फरक तेवढाच मोजायचा, आणि तो शून्य.

१८. काठीच्या राजवाडी होळीला बाहेरचे पर्यटक येतात. होळीच्या लाकडाचा आकडा त्यांच्यात वाटायचा का?

नाही. होळी पर्यटकांसाठी पेटत नाही, त्यांच्या कितीतरी आधीपासून पेटते आहे. यजमानांच्या सणाचं बिल काढण्याचा पाहुण्याला हक्क नाही. अक्कलकुव्यापर्यंत आणि तिथून पुढे काठीपर्यंत आलेल्या तुमच्या गाड्यांचं डिझेल मोजा.

१९. अजिंठ्यात सांगतात की श्वासाने चित्रं खराब होतात. मग तो श्वासातला कार्बन डायऑक्साइडही धरायचा?

दोन वेगळे प्रश्न आहेत. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, पण तो अन्नातून आलेला, म्हणजे पिकांनी हवेतूनच घेतलेला. हवामानाच्या हिशेबात तो धरत नाहीत. बंद लेण्यात मात्र त्याच श्वासाची वाफ आणि उष्णता रंगांना बाधते, म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात. फर्दापूरला खासगी गाड्या थांबवून पुढचे चारेक किलोमीटर बसने नेण्यामागेही गाड्यांचा धूर लेण्यांपासून दूर ठेवण्याचाच हेतू आहे. त्या बसचा तुमच्या खात्यातला वाटा काही ग्रॅमच.

२०. अजिंठा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, उतरतात जळगावला. आणि परदेशातून आलेल्याचं विमान कोणाच्या नावावर?

जिल्हा म्हणून मोजत असाल तर हद्दीत जळलेलं इंधन त्या जिल्ह्याचं. जळगावची लॉज आणि हद्दीपर्यंतचा रस्ता जळगावच्या खात्यात. सहल म्हणून मोजत असाल तर हद्द विसरा, सगळं पर्यटकाचं. दोन पद्धतींचे आकडे कधी एकमेकांत मिसळू नका.

परदेशी पाहुण्याचं विमान मुक्कामाच्या रात्रींत वाटतात. समजा, येण्याजाण्याचे मिळून दोन टन निघाले आणि तो भारतात २० रात्री राहिला. रात्रीला १०० किलो. त्यातल्या दोन रात्री जळगावात, तर २०० किलो आपल्याकडे. ऐकायला जड वाटतं, पण वाटणी न करता सोडून दिलं तर हा सगळ्यात मोठा आकडा कोणाच्याच वहीत येत नाही.

२१. प्रत्येक पाहुण्यामागे एक झाड लावतो. ‘कार्बन न्यूट्रल टूर’ असा बोर्ड लावू का?

लावू नका. झाड कार्बन शोषतं ते वर्षानुवर्षं, हळूहळू, जगलं तर. डिझेल एका दिवसात जळतं. आपल्याकडचे दोन उन्हाळे काढणाऱ्या रोपांची मोजणी केल्याशिवाय एक झाड म्हणजे इतके किलो असं म्हणता येत नाही. शिवाय तेच झाड ग्रामपंचायतीच्या, वनविभागाच्या आणि तुमच्या अशा तीन अहवालांत दिसण्याची शक्यता असते.

कायद्याचीही बाजू आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ग्रीनवॉशिंग’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. असा दावा केला तर त्याचा आधार दाखवावा लागतो. त्याऐवजी बोर्डवर लिहा: ‘या सहलीचा आकडा माणशी इतके किलो, मागच्या वर्षी इतका होता.’ झाडं लावाच, पण वेगळ्या ओळीत, जगलेल्या रोपांच्या संख्येसह.

२२. माणशी आकडा घटला, पण वर्षाची बेरीज वाढली. मग आम्ही सुधारलो की बिघडलो?

दोन्ही आकडे द्यावे लागतील. समजा, गेल्या वर्षी ५०० पाहुणे, माणशी १२ किलो, एकूण ६,००० किलो. यंदा ८०० पाहुणे, माणशी ९ किलो, एकूण ७,२०० किलो. काम चांगलं केलंत, पण हवेत गेला तो जास्तच.

‘प्रति रात्र’ आकड्याबद्दल मात्र सावध राहा. एक रात्र राहणाऱ्याला दोन रात्री ठेवलं की प्रवासाचा वाटा दोनांत विभागून रात्रीचा आकडा झपाट्याने उतरतो, एकूण मात्र एका मुक्कामाने वाढतो. त्या पाहुण्याने त्यामुळे दुसरी एखादी सहल रद्द केली असेल तरच खरी घट. हे कळायला एकच मार्ग आहे, निघताना त्याला विचारायचं: इथे जास्त राहिलात म्हणून यंदा कुठे जाणं टाळलं का?